क्वायरच्या दौऱ्यावर ओळख होते, मैत्री का होत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीच्या तुमच्या चर्चचं गायनमंडळ येत्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या लाइपझिग आणि आजूबाजूच्या गावांत बारा दिवस गाणार आहे. आधीच्या दौऱ्यावर गेलेले सांगतात की फोटो ढिगाने आले, पण आज तिकडच्या एकाही माणसाशी बोलणं नाही. तुमचं इंग्रजी बेताचं, जर्मन शून्य. मुक्काम यजमानांच्या घरी, त्यामुळे आई काळजीत. आणि तुम्हाला मैत्री हवी आहे, नुसती तोंडओळख नको.

मी ठाण्यात राहते, ऑल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, गाते आणि बरीच वर्षं आमच्या क्वायरच्या दौऱ्यांची व्यवस्था बघते. कोण कुणाच्या घरी झोपणार, कुणाला अंडं चालत नाही, पेटी विमानात वर घेऊ देतील का, हे सगळं माझ्या गळ्यात. त्यामुळे मी सांगेन ते संगीतापेक्षा मुक्कामाच्या बाजूने असेल.

तुम्ही भाषेला घाबरताय. मी पाहिलंय ते असं की भाषा फार थोड्या वेळा आड येते, आपला घोळका मात्र प्रत्येक वेळी आड येतो. तीस मराठी माणसं एका बसमध्ये बसली की बस म्हणजे आपली वाडीच. भेंड्या सुरू, उतरल्यावर एकमेकांचे फोटो, जेवताना सगळे एकाच टेबलाला खेटून, लोणच्याची बाटली या टोकापासून त्या टोकापर्यंत. यजमान मंडळी दोन टेबलं पलीकडे बसून हसऱ्या चेहऱ्याने बघत राहतात. त्यांना वाटतं, पाहुणे दमलेत, उगाच कशाला त्रास द्या. आपल्याला वाटतं, माणसं जरा थंडच आहेत. दोन्ही बाजू सभ्यपणाने वागत असतात आणि बारा दिवस निघून जातात.

त्यात कार्यक्रमाची आखणीच अशी असते की आपण गायचं आणि त्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्यांनी वाढायचं, आपण जेवायचं. कलाकार आणि प्रेक्षक, पाहुणे आणि यजमान. या नात्यात माया असते, पण बरोबरी नसते. बरोबरी यायला दोघांनी मिळून एखादं काम करावं लागतं, आणि आपण त्यांच्याकडे काहीतरी मागावं लागतं. पैसे नव्हेत, वेळ, मदत, शिकवण. पैशांचं वेगळं बोलते पुढे.

आता यातलं बरंच दौऱ्याच्या प्रकारावर ठरतं, ते आधी सांगून टाकते. स्पर्धेला जाणारा क्वायर असेल तर दिवस तालमी, फेऱ्या आणि निकालात जातो. तिथे दुसऱ्या देशाच्या क्वायरशी दोस्ती जमू शकते, गावकऱ्यांशी सहसा नाही. वसतिगृहात किंवा हॉटेलात उतरणार असाल तर आणखी कठीण. तुमचा दौरा तिथल्या चर्चच्या मंडळीच्या निमंत्रणावरून आहे आणि मुक्काम घरोघरी आहे, म्हणजे सगळ्यात चांगली शक्यता तुमच्या हातात आहे. फक्त एक बघा, एका गावात किती रात्री आहेत? रोज नवं गाव असेल तर काही खरं नाही. रात्री नऊला पोचायचं, सकाळी आठला बॅग बसमध्ये, यात यजमानाचं नावही तोंडात बसत नाही. दोन रात्री बऱ्या, तीन उत्तम. तुमच्या संयोजकांना आत्ताच म्हणा की गावं कमी करा. आमच्याकडे यावर दरवेळी भांडण होतं, कारण प्रत्येकाला आणखी एक किल्ला बघायचा असतो.

दुसरी गोष्ट संयोजकांकडूनच करून घ्यायची आहे, आणि या सगळ्या उत्तरात मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: तिथल्या क्वायरबरोबर एक संयुक्त तालीम. कार्यक्रमाआधी माइक तपासायला अर्धा तास मिळतो ती नव्हे. एक पूर्ण संध्याकाळ, ज्यात त्यांचं एक गीत आपण शिकायचं आणि आपलं एक भजन त्यांनी. जर्मनीत लहान गावातल्या चर्चलासुद्धा बहुधा स्वतःचा क्वायर असतो, आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली असते. त्याच संध्याकाळी त्यांच्यात जाऊन बसायचं. आपले ऑल्टो त्यांच्या ऑल्टोंत, आपले बेस त्यांच्या बेसमध्ये. आपली रांग मोडायची. शेजारी बसलेली बाई बोट ठेवून ओळ दाखवते, श्वास कुठे घ्यायचा ते खुणेने सांगते, चुकलं की दोघी हसता. तिथे तुमचं इंग्रजी कुणी तपासत नाही.

भजन शिकवताना आपली बाजू वर येते. स्वरलिपीवर वाढलेल्या माणसांना समोर कागद नसला की हात रिकामे वाटतात. त्यांना कागद देऊ नका. टाळ द्या, चिपळ्या द्या. केरव्याच्या आठ मात्रा टाळीने घेऊ द्या, आणि एक ओळ तुम्ही म्हणा, ती त्यांनी म्हणू द्या. ना. वा. टिळकांच्या भजनांसाठी हे फारच सोयीचं, कारण ती ओवी-अभंगाच्या वळणाचीच आहेत, पुढच्याने म्हणायचं आणि मागच्यांनी झेलायचं. टिळकांविषयी दोन वाक्यं पाठ करून ठेवा: मराठीतले नावाजलेले कवी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि ख्रिस्ती उपासनेला वारकरी कीर्तनाचा सूर दिला. मग कुणीतरी विचारतंच की वारकरी म्हणजे कोण, आणि पुढचा अर्धा तास तुमचा.

एक तांत्रिक सूचना, नाहीतर फजिती होते. पट्टी सांगायला इंग्रजी अक्षर वापरू नका. आपण ज्याला इंग्रजी पद्धतीने ‘बी’ म्हणतो, म्हणजे पेटीवरची पांढरी सात, तिला जर्मन लोक ‘हा’ म्हणतात आणि ‘एच’ हे अक्षर लिहितात. त्यांच्या लेखी ‘बी’ म्हणजे काळी पाच. चिठ्ठीवर ‘बी’ लिहून दिलंत की त्यांचा ऑर्गनवादक अर्धा स्वर खाली वाजवणार. सरळ पेटीवर बोट ठेवून दाखवा. आणि आपला सा कुठेही ठेवता येतो, काळी दोनवर धरा नाहीतर पांढरी चारवर, हे पहिल्यांदा कळलेल्या वादकाचा चेहरा बघण्यासारखा असतो. तो स्वतःहून पेटीजवळ येऊन बसतो. त्याला भाता मारू द्या.

तालीम झाली, आता घर. तिथे दोन सवयी घात करतात, दोन्ही आपल्या संस्कारातून आलेल्या.

पहिली, ‘नको नको’. आपल्याकडे दुसऱ्यांदा आग्रह होईपर्यंत हो म्हणत नाहीत. तिकडे नको म्हणजे नको. तुम्ही एकदा मान हलवलीत की ताट उचललं जातं, कारण तुमच्या शब्दाचा त्यांनी मान ठेवला. भूक असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा. रात्रीचं जेवण बऱ्याच घरी थंड असतं: पाव, चीज, सॉसेज, काकडी, मुळा. ‘यांनी आपल्यासाठी काही शिजवलंच नाही’ असं मनात आणू नका, ते रोज तेच जेवतात. डुक्कर किंवा बीफ चालत नसेल तर जाण्याआधी कळवा, ताटावर बसून नव्हे.

दुसरी, ‘तुम्ही बसा, आम्ही आवरतो’ हे ऐकून खरंच बसून राहणं. उठा. भांडी पुसायचा टॉवेल हातात घ्या. माझ्या माहितीतल्या टिकलेल्या मैत्र्या बहुतेक सगळ्या सिंकजवळ सुरू झाल्यात, गाण्यावर फार थोड्या. आमच्यातला एक टेनर, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजात गाणारा, रोज यजमान आजोबांबरोबर रिकाम्या बाटल्या दुकानात परत द्यायला जायचा. तिकडे प्लॅस्टिकच्या बहुतेक बाटल्यांमागे पंचवीस सेंट अनामत असते, यंत्रात बाटली टाकली की पावती मिळते. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, याला जर्मन. यंत्राने बाटली नाकारली की दोघं मिळून तिच्यावर वैतागायचे. आजोबा आज थकलेत, पण त्यांची नात अजून याला नाताळचा फोन लावून देते.

इंग्रजीचं तर ऐकाच. लाइपझिग म्हणजे पूर्वीचं पूर्व जर्मनी. तिथल्या साठीच्या आसपासच्या आणि पुढच्या लोकांना शाळेत परकी भाषा म्हणून रशियन सक्तीने होती. म्हणजे तुमच्या यजमानीणबाईंचं इंग्रजी तुमच्याइतकंच लंगडं असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्याही आत्ता त्यांच्या मुलीला विचारत असतील की ती भारतातली पोरगी आली की मी बोलू काय. फोनवर भाषांतराचं ॲप ठेवा, पण दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवून वापरा. सतत मान खाली घालून फोनशी बोललात तर समोरची उठून कामाला लागेल. शिवाय घरच्यांचे, गल्लीचे, लग्नाचे थोडे फोटो छापून न्या. छापील फोटो हातोहात फिरतो आणि प्रश्न आपोआप निघतात.

बोलायचं कशावर? इथे एक समज आधी पुसावा लागतो. आपण घरून निघतो ते ख्रिस्ती देशात जातोय अशा भावनेने. लाइपझिगमध्ये थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० पर्यंत सेंट थॉमस चर्चचा संगीतप्रमुख होता, तिथल्या मुलांच्या क्वायरची परंपरा १२१२ सालापासूनची. हे वाचून वाटतं की गावात सगळे भाविक असतील. प्रत्यक्षात पूर्व जर्मनीत बहुसंख्य लोक कोणत्याच चर्चचे सदस्य नाहीत. चर्चच्या क्वायरमध्ये मनापासून गाणारी बाई तुम्हाला सहज सांगेल की माझा देवावर विश्वास नाही, मला बाख आवडतो. दचकू नका आणि तिथल्या तिथे साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या श्रद्धेची गोष्ट सांगायला, सुरुवात करू नका. तिने विचारलं तर तुमचं सांगा, जरूर सांगा. पण आधी तिचं ऐका.

आणि ऐकण्यासारखं त्यांच्याकडे खूप आहे. लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चमध्ये सोमवारी संध्याकाळी शांततेसाठी प्रार्थना व्हायच्या. त्यातूनच १९८९ मध्ये सरकारविरोधी मोर्चे उभे राहिले. ९ ऑक्टोबरला सुमारे सत्तर हजार लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले, गोळीबार झाला नाही, आणि महिनाभरात बर्लिनची भिंत उघडली. तुमच्या यजमानांपैकी कुणी तेव्हा विशीत असेल. ‘त्या दिवशी तुम्ही कुठे होता?’ हा एक प्रश्न जर्मनमध्ये पाठ करून जा. कधीकधी उत्तर मिळत नाही, कारण पूर्व जर्मनीच्या त्या कम्युनिस्ट राजवटीत प्रत्येक घराचा अनुभव वेगळा होता. समोरचा विषय बदलू लागला तर बदलू द्या.

तुम्हालाही प्रश्न येतील. हमखास येणारा: ‘तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?’ आपल्यातले काही यावर फणकारतात. कुत्सितपणा नसतो त्यात, त्यांना खरंच माहीत नसतं. वसई-साष्टीकडची ईस्ट इंडियन म्हणवणारी कॅथलिक घराणी पोर्तुगीज काळापासूनची आहेत. मराठी प्रोटेस्टंट घरांची गोष्ट बहुधा अमेरिकन मिशनपासून सुरू होते, जे १८१३ मध्ये मुंबईत आलं. पण इतिहासाचं पुस्तक उघडण्यापेक्षा तुमच्या आजीची गोष्ट सांगा, ती जास्त लक्षात राहते. जातीचाही प्रश्न येतो, आणि तिकडची माणसं तो आडपडदा न ठेवता विचारतात. किती सांगायचं हे तुम्ही आधीच मनाशी ठरवून जा. ‘यावर मला बोलायचं नाही’ असं शांतपणे सांगितलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. एकाने उत्तर दिलं म्हणून सगळ्यांनी द्यायला हवं असं नाही, हे क्वायरमध्येही आपसात बोलून ठेवा.

भेटवस्तूंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणारच होतात. पेढे, बर्फी नेऊ नका. युरोपीय संघात प्रवाशांच्या सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. शेंगदाण्याची किंवा तिळाची चिक्की न्या, देताना दाण्याची ॲलर्जी नाही ना एवढं विचारा. महागडी वस्तू देऊ नका, परतफेडीचं ओझं होतं. सगळ्यांना सारखी पितळी समई वाटायची आमच्याकडची जुनी पद्धत मी बंद पाडली. वजन आपल्याला, आणि त्या समईचं पुढे करायचं काय हा प्रश्न त्यांना.

आता पैशांचं, आणि हे जरा कडक शब्दांत लिहिते. दौऱ्यावर जोडलेल्या माणसाकडे वैयक्तिक मदत मागायची नाही. चर्चच्या छताला, पुतणीच्या फीला, पुढच्या वेळच्या व्हिसाच्या निमंत्रणपत्राला, कशालाच नाही. मंडळीला मदत हवी असेल तर पाळकसाहेब त्यांच्या पाळकांशी पत्राने बोलतील, ती वेगळी वाट आहे. आमच्या ओळखीच्या एका गायनमंडळात एकाने परत आल्यावर महिन्याभरात यजमानांना लॅपटॉपसाठी मेसेज टाकला. त्यांनी लॅपटॉप पाठवला, पण नंतर त्या गावातल्या कुणीच कुणाच्या मेसेजला नीट उत्तर दिलं नाही. भोगलं बाकीच्या सगळ्यांनी.

फोटोंचंही तसंच जपा. कुणाचाही, विशेषतः मुलांचा, फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्यापूर्वी विचारा. तिकडे यावर कायदा आहेच, पण त्याहून जास्त म्हणजे लोकांना ते मनापासून खटकतं. घराच्या आतले व्हिडिओ तर नकोच.

परत आल्यावर काय? बहुतेक ओळखी इथेच विझतात, कारण आपण त्यांना रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ पाठवतो. आठवडाभर ते हसरा चेहरा पाठवतात, मग आवाज बंद करून ठेवतात. पाच जणांना फुलं पाठवण्यापेक्षा एका माणसाला महिन्यातून एकदा चार ओळी लिहा, ज्यात एखादा प्रश्न असेल. उत्तर यायला तीन आठवडे लागले तर रुसू नका. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी चुकूनही देऊ नका, तिकडे ते अपशकुनी मानतात. आणि उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार, म्हणजे आपल्याकडे बाराचे ठोके पडले की तिकडे अजून आदला दिवसच असतो.

‘या ना एकदा घरी’ हे मात्र जपून म्हणा. आपण ते निरोप घेताना म्हणतो तसं म्हणतो. समोरचा डायरी उघडून विचारतो, कोणत्या तारखेला? आमच्याकडे असे दोघं खरोखर आले. त्यांना गेटवे ऑफ इंडिया दाखवायची घाई केली नाही. तलावपाळी, शेजारचं सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च, मंगळवारची आमची तालीम, आणि ती संपल्यावर ऐरोली-वाशीच्या मंडळींबरोबर ट्रान्सहार्बर लोकलने एक फेरी, गर्दी ओसरल्यावर. तुमच्याकडे तर ऐरोलीची खाडी आहे, म्हणजे ठाणे खाडी, २०२२ पासून रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ जागांच्या यादीतली. जर्मन माणसाला पक्षी दाखवायचे असतील तर हिवाळ्यात किंवा मेअखेरपर्यंत बोलवा आणि फ्लेमिंगो दाखवा. आमच्या दोघांपैकी एक दुर्बीण घेऊनच उतरला होता.

राहिली आईची काळजी. ती रास्त आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. घरोघरी मुक्काम असेल तर एका घरी दोघी असाव्यात, एकटीला ठेवू नये, हे संयोजकांकडून लेखी घ्या. यजमानांचं नाव, पत्ता, फोन निघण्याआधी आईच्या हातात असू द्या, आणि पोचल्यावर यजमानीणबाईंना आईशी एक मिनिट व्हिडिओवर बोलायला लावा. दोघींना एकमेकींचं काही कळणार नाही, तरी आईची झोप परत येते. कार्यक्रमानंतर बिअर आणि वाइन समोर येते, चर्चच्या हॉलमध्येसुद्धा. नको असेल तर सफरचंदाचा रस मागा, कारण द्यायची गरज नाही. निरोप घेताना कुणी मिठी मारायला पुढे आलं आणि तुम्हाला नको असेल तर आधीच हात पुढे करा, ते लगेच समजतात. एखाद्या मुलाशी गप्पा रंगल्या आणि त्याचा काही वेगळाच समज होतोय असं वाटलं तर स्पष्ट बोला, आडून सुचवलेलं तिकडे पोचत नाही. आणि ज्या घरात तुम्हाला काही खटकेल तिथून रात्री कितीही वाजता फोन करता येईल असा एक नंबर हवा, तुमच्या व्यवस्थापकाचा, चालू असलेल्या जर्मन सिमचा. आमच्या दौऱ्यांत तो फोन माझ्या उशाशी असतो.